डोंगर आणि भिंगरी

दिशा : “पोरींनो, बटनं फोडाल! हळू!” आठवतो का गो रावजीकाकांचा आवाज?

कल्पिता : न आठवून कसं चालेल? रेवसच्या धक्क्यावर लाँचचा भोंगा वाजला, तरी त्याच्याही वर ऐकू यायचा. शाळा सुटली की आपण थेट त्यांच्या गेमच्या दुकानात.

दिशा : गेममधला माझा लढवय्या डोंगर, तुझी भिंगरी. पडद्यावरची खरी इंग्रजी नावं कोनाला वाचता येत होती!

कल्पिता : मला येत होती.

दिशा : व्हय, तू मिठागरवाल्यांची शहाणी. आन् मी कोळ्यांची दांडगी.

कल्पिता : गेमच्या या नव्या भागात बघ ना, डोंगराची दाढी पिकलीय. भिंगरीच्या गुडघ्याला पट्टा. तरी लढायच्या आधी अजून वाकतात एकमेकांपुढे.

दिशा : पाच भाग झाले, भांडन सरलं न्हाय. संगतही सुटली न्हाय.

कल्पिता : अगं, गेले मी! पहिला डाव तुझा.

दिशा : कल्पे, डोंगर जवळ आला की भिंगरी मागं उडते. तू उभी राहिलीस.

कल्पिता : चुकलं यार. सवय गेली.

दिशा : माझ्या अंगठ्याकडं बघत होतीस.

कल्पिता : जाळ्याच्या दोरात सापडून ताठ झालाय तो, दिशा. डोंगराची पकड लावायला कंट्रोलरची काडी अंगठ्याने पूर्ण गोल फिरवावी लागते. मला वाटलं…

दिशा : तळव्यानं फिरवते मी. भाकर थापल्यागत. मासेमारीची बंदी लागली, नाव वर ओढली, तवापासून रोज तेवढंच शिकतेय. कल्पी येल, मंग लढू. आन् तू आलीस ती कीव घेऊन.

कल्पिता : सॉरी.

दिशा : सॉरी नको. लढ.

कल्पिता : घे मग! ही उडी, ही लाथ… आणि ही दुसरी!

दिशा : हां! आत्ता कशी माझी भिंगरी! एक तुझा, एक माझा.

कल्पिता : लढ म्हणतेस, तू लढलीस? अलिबागच्या स्पर्धेत आपल्या दोघींच्या फायनलला रावजीकाकांनी तीनदा नाव पुकारलं तुझं. “दिशाला ताप आलाय” एवढा निरोप. मी न खेळता जिंकले. सतरा वर्षं झाली, त्या कपात आई चमचे ठेवते. मी कधी हात नाही लावला त्याला.

(पडद्यावर दोघे लढवय्ये वाकून उभे. कोणीच बटण दाबत नाही.)

दिशा : तू पनवेलला शिकायला जानार होतीस.

कल्पिता : त्याचं काय इथे?

दिशा : त्या आठवड्यात मी तुला रोज हरवत होते. वाटलं, सगळ्यांसमोर हरलीस तर रुसून जाशील, परत रेवसला येयाची न्हाईस.

कल्पिता : जिंकूनही नाही आले गं.

दिशा : न्हाय आलीस. …ताप नव्हता मला, कल्पे. फायनलच्या दिवशी मी इथं रेवसच्या धक्क्यावर बसून व्हते, तू कप घेऊन दाखवायला येशील म्हनून.