टोपलीतला कंप्युटर

मी जन्मलीच बांबूच्या वासात, काय सांगू तुमाले. माहेर मोहर्लीच्या वाटेवर, सासर त्याच्या पलीकडल्या गावात, अन् दोन्हीकडं काम तेच, सूप, टोपले, धान ठेवाच्या ढोल्या. ओला बांबू फाडला का काकडी कापल्यावाणी वास सुटते, तो माह्या मायच्या पदराले होता, आता माह्या पदराले हाय.

मले एकच पोरगा, प्रकाश. तो जंगलात सफारीची गाडी चालवते. सून केली चंद्रपूरची, वैशाली. ती लग्नाच्या शूटिंगचे पिक्चर बनवते, अन् येताना आपल्या कमाईचा कंप्युटर घेऊन आली. शेजारची सुलोचना म्हणे, बाई, तुह्या सुनेनं रुखवतात टीवी आणला.

पण आमच्याकडचा उन्हाळा तुमाले ठाऊकच हाय, दुपारी चिमणीबी बोलत नाई. कंप्युटर ज्या टिनाच्या डब्ब्यात बसवला होता, त्यात त्याचा जीव घुसमटे, पंखा घरघर करे अन् ऐन कामात सारं बंद. वैशालीनं एका बाजूचं टिन काढलं, तं आत पाल शिरून पंख्यात सापडली. मंग प्रकाश म्हणे, माय, इथी नाई जमत, चंद्रपूरले खोली घेतो, कूलर लावतो, मी जाणं-येणं करीन. वैशालीनं माह्याकडं पाह्यलं. मालक गेल्यावर या घरातलं बोलणंच गेलं होतं, ते तिच्या पायानं परत आलं, अन् मले ते पुन्हा जाऊ द्याचं नव्हतं.

मी म्हटलं, हवा खेळावी अन् पाल जाऊ नये, हे तं टोपलीचं काम हाय. वैशाली हासली, मंग हासता हासता थांबली. तिनं टिनातलं सारं काढून सतरंजीवर मांडलं. आतली ती हिरवी पाटी, काय सांगू, डोंगरावरून पाह्यलेलं गावच, गल्ल्या काय, घरं काय, मधात चौक. ती माप सांगे, मी बांबूची कमची वाकवू. करंटचा डब्बा तिनं त्याच्याच टिनात राहू दिला, बाकीचं आमी बांबूच्या खुंट्यांवर बसवलं.

पण पह्यल्यांदा मी चुकली. ती माहेरी गेली तवा मी ढोलीले सारवतो तसं विणलेल्या टोपलीले शेणमातीनं सारवून काढलं, म्हटलं धूळ जाणार नाई. वाळल्यावर दिसे मोठी देखणी. वैशाली आली, पाह्यलं, म्हणे, आई, यात आता धानच भरा. चालू केला तं टिनाहून लवकर बंद.

मंग नवी विणली. खाली बारीक वीण, आतून जुन्या लुगड्याचा पातळ कपडा ताणला, धूळ गाळून हवा आत याले. वरची वीण विरळ, पण पाल शिरणार नाई इतकीच, तापलेली हवा धुरावाणी निघून जाले. चालू केला अन् आमी दोघी समोर बसून राह्यलो, चहा निवून गेला, तो बंद झाला नाई. पंखा मोहफुलावरच्या माशीवाणी गुणगुणे, अन् तापल्या बांबूचा गोड वास घरभर.

आता बिना कानाची टोपली मी जन्मात विणली नाई. हिलेबी दोन कान लावले, दोरीचा पट्टा लावला, अन् तेच तिले पाय फुटले. वैशाली ती मांडवातच नेऊ लागली, सकाळची हळद संध्याकाळी पाहुणे पडद्यावर पाहत. ते कोण्या चंद्रपूरच्या स्टुडिओवाल्यानं पाह्यलं, तिले कामाले बोलावलं. जिच्या राहण्यासाठी विणली, तिलेच ती घेऊन चालली.

वैशाली म्हणे, आई, तुमी नको म्हणा, मी नाई जात. तिचा हात टोपलीवर होता अन् डोळे माह्यावर. मी म्हटलं, टोपले विणून घरात कोण रचून ठेवते, बाई?

मी तिले पोचवाले गेली, बसमध्ये ती टोपली मांडीवर घेऊन बसली तं कंडक्टर म्हणे, कोंबड्या हायत का, हाफ तिकीट लागन. सारी बस हासली, आमीबी. आता ती तिथी हाय, प्रकाश जाणं-येणं करते, मी इथी, बांबू फाडून राह्यली, घर पुन्हा चूप. फोन आला का मी तिले एकच सांगतो, टोपली भिंतीले चिकटवून ठेवू नको, बाई, चारी बाजूनं मोकळं राहू दे, वारा लागू दे.