आईकडची कोरी बाजू

अध्यक्षस्थानी असलेले डॉक्टर लुंडक्विस्ट, व्यासपीठावरचे पाहुणे, दवाखान्यातले माझे सहकारी आणि नुसत्या केकसाठी आलेले समस्त डुलूथकर मित्रहो,

आज निवृत्त होते आहे. एकतीस वर्षं मी इथे लोकांच्या वंशावळी काढून आनुवंशिक दोष शोधले. आत्ता माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की खरं सांगते, ऐकून दमले. आता थोडं दुसरंही ऐका. टोइवो लाहटी इथेच बसलाय, त्याच्या परवानगीनेच सांगते आहे.

टोइवोचे दोन्ही अंडकोष जन्मतः खाली उतरलेले नव्हते. चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. सव्विसाव्या वर्षी, मूल होत नाही म्हणून तो आणि त्याची बायको कार्ला माझ्यासमोर बसले. तपासणीत शुक्रजंतू शून्य. मी वंशावळ काढायला घेतली. वडिलांकडचे चार काका, चौघांनाही पोरंबाळं. दोष पुरुषाचा, मग आईकडचं काय विचारायचं? ती बाजू मी कोरी ठेवली. टोइवोचं घराणं मूळचं फिनलंडचं. दाढी विरळ होती, तर आम्ही नॉर्वेजियन वंशाची मंडळी हसून म्हणालो, फिनिश माणसाला दाढी असते कुठे. लहानपणी अंडकोष उतरले नव्हते, हेच कारण लिहून मोकळे झालो. हॉर्मोन तपासलेसुद्धा नाहीत.

अकरा वर्षांनी चर्चच्या जेवणात त्याची आई, आयली, माझ्या शेजारी होती. ओव्हनमध्ये वेलदोड्याचा पाव करपला, वास हॉलभर झाला, आणि टोइवो ओव्हनला टेकून निवांत गप्पा मारतोय.

"त्याला कुठला वास येतोय," आयली म्हणाली. "मामावर गेलाय अगदी. आमच्या रेनोच्या नाकालाही कधी काही कळलं नाही. ना धड दाढी, ना लग्न, ना लेकरं."

मी जेवण सोडून मनातल्या मनात ती वंशावळ पुन्हा काढली. वास न येणं, अंडकोष न उतरणं, शुक्रजंतू न होणं, या घरात तिन्हींचं मूळ एकच होतं. एक बिघडलेलं जनुक, आणि ते मुलाला आईकडून येतं. आम्ही परिणामालाच कारण समजून बसलो होतो. अशा बऱ्याच जणांना हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी मूल होऊ शकतं.

टोइवोलाही गुण आला. शुक्रजंतू दिसू लागले. पण वाट बघून थकलेली कार्ला तीन वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. तिला आता दोन मुली आहेत.

तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मारिट, वास येतो का, हे विचारायला किती वेळ लागतो हो?"

आता आपल्या फॉर्मवर तो प्रश्न आहे, मामांचाही आहे. माझ्यामागून येणाऱ्यांनो, तो गाळू नका.

तुम्ही सगळ्यांनी जीव लावलात, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या एका चुकीची माफी मात्र मी टोइवोकडे अजून मागितलेली नाही. तो इतका भला आहे की लगेच देऊन टाकेल.