एकीचं तिकीट

डर्वला : ...आणि एवढं करून हाती काय आलं? तीनशे दहा युरो. नऊ टेबलं मांडली, दोन आठवडे घरोघरी टपालाबरोबर चिठ्ठ्या वाटल्या... डावीकडे बाक, पळत पळत आत ये जरा... हां. तीनशे दहा! त्यातले चाळीस माझ्या भावाने नाइलाजाने टाकलेले.

नूला : पण पबमध्ये गर्दी झाली होती ना प्रश्नमंजुषेला?

डर्वला : झाली की. आले, प्यायले, उत्तरांवरून भांडले, गेले. पबवाल्याची चांदी झाली. पुढे पाणी साचलंय, लांब पाऊल टाक... आता. पुढच्या शनिवारी सुपरमार्केटात लोकांच्या पिशव्या भरायला उभं राहायचंय. तू देणगीचा डबा धर, मी बटाटे भरते.

नूला : मला नाही धरायचा डबा. गेल्या वेळी एका बाईने त्यात नाणं टाकलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. बेचाळीस वर्षांची आहे मी, डर्वला. मला दिसत नाही, म्हणून मी काय कुकुलं बाळ आहे?

डर्वला : मग कसं जमवायचं सांग. पोर्तुगालच्या ट्रायथलॉन स्पर्धेला दोघींचं जाणं-येणं ज्या पैशात झालं, त्यात आता आपली दोन सिटांची सायकलसुद्धा ऑस्ट्रेलियाला पोचत नाही. तिच्या पेटीचे वेगळे पैसे. आयोजकांच्याच हॉटेलात चार रात्री राहायची सक्ती. तिकिटाचं तर विचारूच नकोस, सकाळी उठून बघावं तर रात्रीत शंभराने वाढलेलं. संघटना तुझं निम्मं देणार आणि माझ्यासारख्या गाइडसाठी या वर्षीपासून शून्य. मी काय तुला इथूनच हाका मारू?... डावीकडून असम्प्टामावशी येतायत, पोहून. हसून घे.

असम्प्टा : काय गं पोरींनो! देव भलं करो तुमचं. नूला, धीराची हो तू. डोळे गेले, पण जिद्द नाही गेली.

नूला : पाणी कसं आहे मावशी?

असम्प्टा : नुसता बर्फ! आणि डर्वला, तुझी तर कमालच. स्वतःचं घरदार सोडून हिच्यासाठी एवढं करतेस. आजकाल कोण करतं असं? थांबा, टॉवेलच्या पिशवीत पाच युरो असतील—

डर्वला : शनिवारी टाका डब्यात, मावशी! गारठाल, घरी जा!... गेल्या. ‘हिच्यासाठी एवढं करतेस.’ दर वेळी तेच पालुपद.

नूला : खोटं काय बोलल्या त्या?

डर्वला : बरं. समोरून कुत्रं, दोरीने बांधलेलं, आपण सरळ... नूला, तू आपल्या दोघींमधली दोरी ताणतेयस. मघापासून मांडीला काचतेय माझ्या. काय झालंय?

नूला : कुठे काय.

डर्वला : सहा वर्षं या दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे मी. समुद्रात, रस्त्यावर. तुझ्या नवऱ्याला कळत नाही ते मला कळतं. बोल.

नूला : तिकीट काढलं मी. काल.

डर्वला : काढलंस? अगं मग आधी सांगायचं ना, इतका वेळ मी बटाट्यांच्या गोष्टी करतेय! कितीला मिळालं? दोघींचं मिळून—

नूला : एकीचं.

डर्वला : ...

नूला : डर्वला? बोल काहीतरी. पुढे काय आहे? डर्व— आई गं!

(दोघी थांबतात. नूला खाली बसून गुडघा चोळते.)

डर्वला : पायरी. पायरी होती. सांगायला हवी होती मी. बघू, हात काढ.

नूला : खरचटलंय नुसतं. सहा वर्षांत पहिल्यांदा पाडलंस मला.

डर्वला : तूही सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिथे कोण पळणार तुझ्याबरोबर? कांगारू?

नूला : कीवा.

डर्वला : कुठली कीवा? आपल्या क्लबातली? मला फ्लू झाला होता तेव्हा जिने तुला दिव्याच्या खांबावर नेऊन आदळलं, ती?

नूला : एकोणीस वर्षांची होती तेव्हा. आता तिकडे इस्पितळात नर्स आहे, रोज पहाटे पोहते. गाइड आपल्याच देशाची हवी, एवढाच नियम आहे, आणि आपली निम्मी पोरं तिकडेच जाऊन बसलीत. कीवाला विमान लागत नाही. ती बसने येईल. सायकलही तिथल्या एका क्लबाची मिळतेय.

डर्वला : म्हणजे सगळं ठरलंय. मला शेवटी सांगायचं, तेही पळता पळता.

नूला : आधी सांगितलं असतं, तर तू मला ते तिकीट काढू दिलं असतंस? पतपेढीत गेली होतीस तू.

डर्वला : कोणी सांगितलं?

नूला : रांगेत तुझ्यामागे माझी चुलतबहीण उभी होती. छपरासाठी जमवलेले पैसे तिकिटाला द्यायचे आणि छपरासाठी कर्ज काढायचं, असं चाललं होतं तुझं. ते कर्ज फेडणार कोण? तुझ्या आईच्या खोलीत दोन बादल्या लावलेल्या असतात. फोनवर ऐकू येतात मला. टप टप. तू म्हणतेस, नळ गळतोय. माझ्यासाठी तू आईच्या डोक्यावरचं छप्पर गळू देणार? मला नाही सोसत हे. थकले मी लोकांचे उपकार घेऊन.

डर्वला : माझ्यासाठी, म्हणे! असम्प्टामावशी बोलल्या तर मी सोडून देते. पण तूसुद्धा?

नूला : मग कोणासाठी?

डर्वला : माझ्यासाठी! माझ्या स्वतःसाठी, बाई! एकटी पळत होते तेव्हा मी कधी जिल्ह्यातसुद्धा चौथीच्या वर आले नाही. सकाळी टपाल वाटायचं, संध्याकाळी पळायचं, कुत्रं विचारत नव्हतं. तुझ्याबरोबर मी जगात सातवी आले. त्या हिरव्या पोशाखावर तुझ्या आडनावाखाली माझं आडनाव आहे. तो घालून मी आरशासमोर उभी राहते, माहितीय? दार लावून. चव्वेचाळिसाव्या वर्षी! आणि लोक म्हणतात, किती गं दयाळू.

नूला : कधी बोलली नाहीस.

डर्वला : लाज वाटायची. लोक म्हणतील, आंधळीच्या जिवावर ही आपली हौस भागवतेय.

नूला : आणि मला वाटायचं, बाकीचे डब्यात नाणी टाकतात तशी तू तुझ्या संध्याकाळी टाकतेस. तेवढंच टोचायचं मला, बाकी काही नाही.

डर्वला : परत देता येईल का तिकीट?

नूला : नाही. स्वस्तातलं आहे. नाव बदलत नाही, तारीख बदलत नाही.

डर्वला : स्वस्तातलं म्हणजे केवढ्याला?

नूला : एकोणीसशे.

डर्वला : बाप रे. याला स्वस्त म्हणायला लागलो आपण.

नूला : अजून एक काढू का? घरी बोलते मी. गाडी विकू आमची—

डर्वला : गप बस. नवरा कामावर कशाने जाणार? आणि बादल्या खऱ्याच आहेत. आता तीन झाल्यात. आईचा खोकला महिनाभर हटत नाहीये. तू म्हणालीस म्हणून नाही, पण मलाही दिसतंय ते. पतपेढीतून बाहेर आले, तेव्हा मला माझीच चीड आली होती.

नूला : डर्वला...

डर्वला : एक विचारू? खरं सांगायचं. तिकीट चार पैशांचं असतं, तर मला नेलं असतंस?

नूला : हा काय प्रश्न झाला?

डर्वला : दोरी आजच नाही ताणत तू. हिवाळ्यापासून ताणतेस. मी मागे पडतेय, आणि तू मला कळू नये म्हणून स्वतःला आवरतेस. कीवाबरोबर आवरावं लागणार नाही.

नूला : नाही लागणार.

डर्वला : मग?

नूला : तरी तुलाच नेलं असतं. आवरत आवरत पळाले असते आणि खुशाल तेरावी आले असते. कीवाला काय, तिचे पाय चांगले आहेत. पण खांबाला धडकल्यावर मला हसू येईल असं ती काही बोलणार आहे का?

डर्वला : ...ऊठ. रस्त्याच्या टोकाची भिंत राहिलीय अजून. तिला लाथ मारल्याशिवाय आजवर कोणी मागे फिरलंय का इथून? आणि ती दोरी सोड.

नूला : काय?

डर्वला : सोड म्हणते ना. इथून भिंतीपर्यंत सरळ रस्ता आहे, दोनशे पावलं. चिटपाखरू नाही. समुद्र डाव्या कानाला आहे, तो तिथेच ठेव. मी मागून सांगत येते. आज आवरू नकोस.

नूला : पडले तर?

डर्वला : गुडघा फुटलेलाच आहे. पळ!... सरळ... सरळ... जरा उजवीकडे... बास, तसंच!

नूला : आवाज लांब जातोय तुझा!

डर्वला : जाऊ दे! तू पळ! कीवाला म्हणावं, पायरी आली की तीन पावलं आधी बोल! आणि ओलं असेल तर आधी ओलं सांग, मग वळण!

नूला : तूच सांग तिला!

डर्वला : सांगेन! रोज फोन करून सांगेन!... सरळ!... देवा, काय पळतेय ही... तीस पावलं!... वीस!... हळू आता! हात पुढे कर!

नूला : सापडली! भिंत सापडली!

डर्वला : मार लाथ!

नूला : नाही!

डर्वला : काय? ऐकू येत नाही!

नूला : तू ये सावकाश! थांबलेय मी!