वरचा म्हणजे कोण?

...आणि मी म्हणतो, शब्द तरी केवढा! व, र, चा. संपला. त्यात ना कुणाचं नाव, ना कुणाला शिवी, ना कुणाकडे बोट... आणि त्या तीन अक्षरांपायी बहात्तर वर्षांच्या माणसाला समोर बसवून विचारतात, "काका, वरचा म्हणजे कोण?" आता तुम्हीच मला सांगा, ज्याचं नाव घेण्यात जन्म गेला, त्याची ओळख मी एका पेन्सिलीला काय पटवून देऊ?

हां, पेन्सिल म्हणजे आमचे कार्यक्रम अधिकारी. नाव मोठं गोड आहे, पण केंद्रावर सगळे त्यांना पेन्सिलच म्हणतात. कारण ती कायम कानावर असते आणि कान कायम साहेबांच्या दाराकडे. माणूस वाईट नाही हो! घाबरट आहे. घाबरटपणा हा काही दुर्गुण नव्हे, सरकारी रेडिओवर ती शैक्षणिक पात्रता आहे.

तर तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी त्या रेडिओवर सकाळचं चिंतन सांगत आलो. पावणेसहाला, पाच मिनिटं, थेट. माझ्याआधी हवामान, माझ्यानंतर बाजारभाव. म्हणजे ढग आणि कांदे यांच्या मधोमध परमार्थ! कीर्ती म्हणाल तर दुकानदारसुद्धा मला आवाजावरून ओळखत नाही. पण ताई ओळखते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, लांबच्या गावी एकटी, दृष्टी गेलेली. तिचा हिशेब सरळ : "सकाळी तुझा आवाज आला की मला कळतं, तू आहेस. मग मी उठून चूळ भरते." म्हणजे बघा, त्या पाच मिनिटांवर माझी कीर्ती नाही, ताईची चूळ अवलंबून! आणि सहाच्या ठोक्याला तिचा फोन : "आज दुसऱ्या वाक्याला खोकला गिळलास. डॉक्टरकडे जा." दुसऱ्या दिवशी : "आवाज बसलाय. सुनेशी भांडलास?" डॉक्टर नळी लावतात तेव्हा त्यांना जे ऐकू येत नाही, ते हिला दीडशे कोसांवरून ऐकू येतं! म्हणून सव्वीस वर्षांत मी एक खाडा केला नाही. ताप अंगात घेऊन गेलो, पाय प्लास्टरमध्ये घेऊन गेलो. मी एक दिवस बोललो नाही, तर तिकडे ती काय समजेल, सांगा!

बरं, या सगळ्याचं मूळ कुठे, तर पाण्यात. आमच्या भागात अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं. अकरा! नळ उघडला की आतून नुसता उसासा यायचा. आणि रेडिओच्या बातम्यांत? परदेशातल्या पुराचं पाणी आलं, उद्घाटनाला मंत्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आमच्या नळाला पाणी नाही, ही बातमी काही येईना. शेवटी मी भाच्याला गाठलं. ताईचा धाकटा, इथल्या वर्तमानपत्रात उपसंपादक. वर्तमानपत्र म्हणजे काय राहिलंय आता! पूर्वी दाराच्या फटीत अडकायचं, हल्ली वाऱ्याने आपलं आपण आत येतं. जिथे चाळीस माणसं होती तिथे सात उरली आहेत, आणि तीही एकमेकांच्या खुर्च्यांकडे बघत बसलेली असतात. म्हटलं, "अरे, अकरा दिवस झाले, चार ओळी तरी छाप!"

"मामा, छापतो हो, पण लावू कुठे? पहिल्या पानावर पानभर जाहिरात आहे."

"कुणाची?"

"पाणीखात्याची. 'घरोघरी पाणी, मुखी समाधान'."

"मग दुसऱ्या पानावर लाव!"

"दुसऱ्या पानावर तिचा उरलेला भाग आहे."

घ्या! आता मी काही चळवळ्या माणूस नव्हे. मोर्चात चाललो नाही, कुणाला मुर्दाबाद म्हटलं नाही. पण अकरा दिवस डोळ्यांसमोर रिकामी घागर असल्यावर माणसाला दृष्टान्त कशाचा सुचणार? समुद्राचा? मी आपलं लिहिलं : मन ही रिकामी घागर आहे. ती वरच्यापुढे नेऊन ठेवा. वरचा सगळं ऐकतो, वरच्याला सगळं दिसतं. त्याचं दार कधी बंद नसतं, आणि घागर भरल्याशिवाय तो कुणाला माघारी धाडत नाही. आता यात काय आहे हो? सांगा ना, काय आहे? आदल्या दिवशी दुपारी संहिता द्यायला गेलो, तर पेन्सिलसाहेबांनी ती वाचली, कानावरची पेन्सिल काढली, परत लावली, उठून दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काका, वरचा म्हणजे कोण?"

म्हटलं, "देव."

"ते मला कळतं हो. पण वरच्यांना काय कळेल?"

"कुठल्या वरच्यांना?"

"तेच तर! काका, या इमारतीत 'वरून आलंय' म्हणजे देवाकडून आलेलं नसतं. 'वरचा सगळं ऐकतो'... म्हणजे फोन चोरून ऐकतो, असं सुचवायचंय का तुम्हाला?"

"अहो, देव कशाला फोन..."

"आणि 'त्याला सगळं दिसतं'! काका, सगळं दिसतं तर पाणी का सोडत नाही, असं उद्या कुणी विचारलं, म्हणजे? मला दोन मुली आहेत हो!"

आता त्यांच्या दोन मुलींचा आणि माझ्या परमेश्वराचा काय संबंध? पण मी संयम राखला. म्हटलं, सरळ 'देव' लिहितो. तर म्हणाले, "नको नको! देव म्हटलं की कुणाचा, अशी पत्रं येतात." मग विधाता लिहू? "त्याच आडनावाचे एक सचिव आहेत." मग लिहू तरी काय? तर म्हणाले, "असं काहीतरी, की ज्यात कुणीच सापडणार नाही."

तुम्हाला सांगतो, मला हसू की रडू कळेना. अहो, आमचे संत! देवाला त्यांनी काय काय म्हणून घेतलंय... कंजूष म्हटलं, निष्ठुर म्हटलं, तोंडावर जाब विचारला, दार लावून घेतलं त्याच्यावर! त्यांच्या संहितेवर कुणी पेन्सिल फिरवली होती? प्रत्यक्ष देवाने एवढं ऐकून घेतलं, कधी खुलासा मागवला नाही. आणि इथे मी त्याची स्तुती करतोय, तर माझी चौकशी : वरचा म्हणजे कोण?

शेवटी ते म्हणाले, "काका, तुम्ही निश्चिंत जा, मी बघतो." आणि मी निश्चिंत गेलो. इथे चुकलं माझं. सरकारी माणूस 'मी बघतो' म्हणाला की आपण तिथून हलू नये!

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीत शिरलो, माइकसमोर बसलो, टंकलेली संहिता पुढ्यात, तळाशी दोन सह्या : एक पेन्सिलची, एक केंद्राच्या साहेबांची. नियम असा की मंजूर कागदावरचा काना-मात्रा बदलायचा नाही. तसं मी सव्वीस वर्षांपूर्वी लिहून दिलंय. लाल दिवा लागला. चष्मा सारखा केला आणि वाचायला लागलो... "श्रोतेहो, मन ही रिकामी घागर आहे. ती सक्षम प्राधिकाऱ्यापुढे नेऊन ठेवा."

माझीच जीभ, मलाच ओळखू येईना! पण दिवा लाल, थांबलो तर ताईला वाटायचं, गेला! रेटलं पुढे. "सक्षम प्राधिकारी सगळं ऐकतो. सक्षम प्राधिकाऱ्याला सगळं दिसतं. त्याचं दार कधी बंद नसतं." त्या भल्या गृहस्थाने संगणकाला सांगितलं होतं, 'वरचा' दिसेल तिथे 'सक्षम प्राधिकारी' घाल, 'वरच्या' दिसेल तिथे 'सक्षम प्राधिकाऱ्या'. संगणकच तो, त्याला शब्दाचं मूळ काय आणि शेपूट काय! मी लिहिलं होतं 'मनावरचा मळ', मी वाचलं, "मनासक्षम प्राधिकारी मळ धुऊन निघेल." लिहिलं होतं 'डोक्यावरचा भार', वाचलं, "डोक्यासक्षम प्राधिकारी भार उतरेल"! आणि मी ते तसंच, सगळा भाव ओतून, शेवटच्या ओळीला गळा दाटून आणून म्हटलं, "तेव्हा आजच उठा, घागर उचला आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे चला. ती भरल्याशिवाय तो कुणाला माघारी धाडत नाही." लगेच बाजारभाव!

ताईचा फोन : "आज काही कळलं नाही, पण बोललास अगदी पोटातून."

आणि तिला कळलं नसेल, आमच्या भागाला कळलं ना! सरकारी रेडिओ सांगतोय, आजच चला! आठ वाजता केंद्राच्या फाटकाशी तीन बायका, नऊला तीस, दहाला रांग कोपरा ओलांडून गेलेली. घागरी, बादल्या, पातेली; एकाने तर बाळाचा टब आणला होता. पहारेकरी विचारतोय, "काय पाहिजे?" तर म्हणतात, "सक्षम प्राधिकारी कुठे बसतात? त्यांचं दार कधी बंद नसतं म्हणे." एक आजी तर काठी आपटून सांगत होती, "भरल्याशिवाय पाठवत नाहीत, रेडिओनं सांगितलंय. मी काही जायची नाही!"

मला बोलावणं. साहेब घामाघूम, पुढ्यात पाण्याचा पेला, तोही रिकामा. पाणी त्यांच्याकडे तरी कुठे होतं? ओरडले, "हे कुणी मंजूर केलं?" मी नम्रपणे कागद पुढे केला. त्यांनी सही पाहिली. स्वतःची. मग कागद उलटा ठेवला आणि हळूच मला विचारलं, "आजोबा, सक्षम प्राधिकारी म्हणजे... कोण?" म्हणजे बघा, कालपर्यंत 'वरचा म्हणजे कोण' होतं, आज हे! म्हटलं, "साहेब, मला वाटलं तुम्हीच." तेवढ्यात फोन वाजला आणि साहेब फोन उचलण्याआधीच उभे राहिले, त्यावरून मी ओळखलं... वरचा!

दुपारी चारला नळाला पाणी आलं. अकरा दिवस अर्ज, विनंत्या, भाच्याची न छापलेली बातमी, सगळं थकलं होतं. एका चुकीच्या शब्दाने पाणी आलं हो! संध्याकाळच्या बातम्यांत मात्र : 'पाणीपुरवठा सुरळीत. चिंतन कार्यक्रमाला श्रोत्यांचा उदंड प्रतिसाद.' भाच्याच्या पेपरातही रांगेचा फोटो, खाली 'चिंतनप्रेमींची गर्दी'. मी विचारलं, "अरे, त्यांच्या हातात घागरी होत्या ना!" तर म्हणाला, "मामा, म्हणूनच फोटो छातीपर्यंत कापला."

आठवड्याने पेन्सिलने बोलावलं. मी हात जोडले. म्हटलं, मला काय हवी ती शिक्षा करा, पण ती पाच मिनिटं काढू नका. तिकडे एक म्हातारी अंथरुणात माझ्या आवाजाची वाट बघत पडलेली असते. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं हो. म्हणाले, "काका, बंद कसं करू? बंद केलं तर त्याची बातमी होईल! तुमची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत ना आमच्याकडे, चौदा वर्षांपूर्वीची... तीच लावणार. रोज. तुम्ही आता आराम करायचा." मी म्हटलं, "अहो, त्यात 'वरचा' शब्द खच्चून भरलाय!" तर म्हणाले, "असू द्या, तो आधीच मंजूर आहे."

आता रोज पावणेसहाला मी घरी अंथरुणात पडून मलाच ऐकतो. काय बोलत होतो हो मी! घाबरत नव्हतो, अडखळत नव्हतो... आणि सहाच्या ठोक्याला फोन. दर खेपेला ठरवतो, आज ताईला खरं सांगायचं. तर ती आधीच सुरू होते : "अरे, काय खणखणीत आवाज झालाय तुझा! खोकला गेला, दम गेला, दहा वर्षांनी तरुण झालास! माझी एक काळजी मिटली बघ." आता सांगा, हे ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? इकडे मला जिना चढवत नाही, मुलगा म्हणतो, बाबा, तपासून घ्या. म्हटलं, कशाला? रेडिओवर माझी तब्येत उत्तम आहे.

तुम्हाला सांगतो, आता मला मरायचीही सोय राहिली नाही. समजा, उद्या गेलोच, तर परवा सकाळी पावणेसहाला, हवामान झाल्यावर, मी आहेच.