व्हर्नरने कापलेली तिकिटं

—खोडा. आधी प्रदर्शनाच्या पाटीवरचं ते नाव खोडा, मग कॉफी ओतते. ‘कै. व्हर्नर लाहती यांचा हिवाळी खेळांच्या टपाल तिकिटांचा संग्रह’ — तुमच्या क्लबला सांगितलं कोणी हे? व्हर्नरला? खाणीतून यायचा, बूट काढायचा, जेवून आडवा व्हायचा. हे सगळं मी जमवलंय, एल्मा लाहतीने, साठ वर्षं. हे बघा, बत्तीसचं, लेक प्लॅसिडचं — स्कीवरून उडी घेणाऱ्याच्या हातात काठ्या! उडताना काठ्या धरतं का कोणी? मला विचारा ना, मी मारल्यात उड्या. हो, मीच. याच गावच्या टेकडीवरून, भावाची पॅंट घालून, सतराव्या वर्षी. स्पर्धेत घेतलं नाही — पोरींनी पहाटे बर्फ तुडवून सारखं करून द्यायचं आणि मग खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या!

आर्विडने पाहिलं होतं मला. नॉर्वेहून आला होता, एकावन्नच्या स्पर्धेला. म्हणाला, पोरी, तू कमरेतून नाही, घोट्यातून झुकतेस, हे शिकवून येत नाही. परत गेला आणि पत्र धाडलं, पाकिटावर ओस्लोच्या खेळांचं तिकीट. तिथून हे सुरू झालं. — भुवया काय उंचावता? तसलं काही नव्हतं. बरं, असेलही. तुम्हाला काय करायचंय?

मघाशी म्हणालात ना, ‘काय सुबक कापलीयत, पण पाकिटासकट असती तर...’ हे मला सांगता? लग्नानंतर टपाल व्हर्नर आणायचा. दारातच कात्री घ्यायचा, तिकीट कापायचा, माझ्या कपाशेजारी ठेवायचा — “घे, तुझा छंद.” आणि पत्र लाकडाच्या पेटत्या स्टोव्हमध्ये. न वाचता! अकरा वर्षं! भांडले? नाही भांडले. मी आपली लिहीत राहिले आर्विडला — घरातलं सगळं, जे इथे कोणाला सांगितलं नाही ते — आणि तो काय उत्तर देतो ते मला ठाऊक नाही. आंधळ्यासारखी लिहीत राहिले!

हेच एक कागदावरच का ठेवलंय, विचारत होतात. ते निळं घडीचं पत्र होतं, कागद तेच पाकीट. तिकिटाच्या मागे मजकूर असतो, हे व्हर्नरच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही. मी तिकिटं साठवून ठेवायची आणि हिवाळ्यात एकदम कोमट पाण्यात सोडायची, मागचा कागद सुटायला. पत्र मार्चमधलं, मी पालथं केलं नोव्हेंबरात. वाचा. चष्मा लावा आणि वाचा, मोठ्याने नको. — ‘मुलाला घेऊन ये. मेच्या बोटीला मी बंदरावर उभा...’ पुढचं कात्रीने नेलं.

मे होऊन सहा महिने झाले होते. आणि त्या मेमध्ये मी त्याला लिहिलं होतं, यंदा इथे बर्फ उशिरा वितळलं, तिकीट सुरेख आहे.

मग? मग काय, त्याचं पत्र आलं नाही परत. नोव्हेंबरात तरी कळवायचं, म्हणता? पत्ता होता. शाई होती. तेव्हा व्हर्नरने माझा हात धरला नव्हता हो. पोटात दुसरं होतं — नाही, तेही कारण नाही. भ्याले मी. त्या टेकडीला भ्याले नाही कधी, आणि एका कागदाला — व्हर्नरला शिव्या घालते पन्नास वर्षं, सोपं पडतं म्हणून.

काय बघताय माझ्याकडे? द्या तो अल्बम इकडे. प्रदर्शनात कुठल्याच नावाने लागणार नाही तो. उठा. पायऱ्यांवर बर्फ आहे, मीठ टाकलेलं नाही, कठडा धरून उतरा. उठा म्हणते ना!