टिकलीखालचं बटण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ज्येष्ठ मंडळाचे आधारस्तंभ माननीय गुलाम नबी साहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून खास मंठ्याहून आलेल्या ग्रंथपाल दीपमालाताई, व्यासपीठावर अवघडून बसलेली आपली सत्कारमूर्ती भार्गवी, तिचे आईवडील, आणि समोर बसलेल्या माझ्या समवयस्क बंधुभगिनींनो! ज्यांनी आपापले फोन बंद केले आहेत त्यांचे मी आभार मानतो. ज्यांना ते बंद करता येत नाहीत त्यांनी संकोच करू नये. तो धडा व्हायचा राहिला आणि आपल्या मॅडम निघाल्या.

मी बुद्धभूषण हिवाळे, मंडळाचा सचिव. सगळे ओळखतातच, पण पाहुण्यांसाठी सांगितलं. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली, म्हणजे आयुष्य बटणांच्या संगतीतच गेलं म्हणा. बटण खाली केलं की दिवा लागतो, वर केलं की विझतो. माझ्या वडिलांच्या वेळी असंच होतं, आज नातवाच्या वेळीही असंच आहे. लोकांनी आमच्या खात्यावर काय काय आरोप केले नाहीत? पण रातोरात बटण उलटं केलं, असा आरोप परतूर तालुक्यात कोणी केलेला मला आठवत नाही. बटण दाबूनही दिवा लागायचा नाही, ही गोष्ट वेगळी. त्यावर आज बोलायला नको, अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जुन्या तक्रारी दिसू लागल्या आहेत.

तर भार्गवी. इंजिनियर झाली, मग डिझाइनचा कोर्स केला आणि नोकरी मिळेपर्यंत घरी आली. वडिलांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसून राहण्यापेक्षा काही तरी करावं म्हणून तिनं आपल्या मंडळाच्या खोलीत मोबाईलचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी आम्ही सगळे आलो ते चहाच्या आशेनं, हे आता कबूल करायला हरकत नाही. आपण तिला मॅडम म्हणायला लागलो. नातीच्या वयाच्या पोरीला मॅडम म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळायची. मग तिनं गृहपाठ तपासायला सुरुवात केली आणि जीभ आपोआप सरळ झाली.

आता तिला एका मोबाईल बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आहे. फोनच्या पडद्यावर कोणती गोष्ट कुठं असावी हे जिथं ठरतं, त्या विभागात. मुलाखतीत तिला विचारलं, फोनचं रूप किती दिवसांनी बदलावं? दर वर्षी, की दोन वर्षांनी, की चार? आमच्या मॅडमनी काय उत्तर द्यावं? म्हणाली, "हे मला परतूरच्या माझ्या वर्गाला विचारावं लागेल." समोरचे साहेब लोक हसले म्हणे. हसले, पण नोकरी दिली. तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर वर्गातर्फे आज इथं देणं ही माझी जबाबदारी आहे. भाषण लांबलं तर दोष माझा नाही, त्या मुलाखतवाल्यांचा आहे.

या विषयावर वर्गात चर्चा झाली, आणि आपल्या परंपरेप्रमाणे ती भांडणावर गेली. पुंजारामजी म्हणाले, फोन दर वर्षी बदललाच पाहिजे. त्यांचं बरोबर आहे, त्यांचे जावई दर वर्षी नवा पाठवतात. मागच्या फोनला तीन डोळे होते, या फोनला चार आहेत. मी त्यांना विचारलं, फोटोत काय फरक पडला? पूर्वी फोटोत त्यांचा अंगठा धूसर यायचा. आता त्याच्या रेषासुद्धा स्पष्ट येतात. पुंजारामजी, हसताय म्हणजे मान्य आहे असं धरतो.

अध्यक्षसाहेबांचं मत नेमकं उलट. ते म्हणाले, "हिवाळे, मैं फोन नै बदलता. फोनच मेरेको बदल रा." नवा फोन घ्यायला गेलं की जुना चार्जर बसत नाही, जुनं कव्हर बसत नाही, आणि दुकानातला पोरगा आपल्याकडे असं बघतो की आपणही जुने झालो असं वाटायला लागतं. यावर टाळ्या पडल्या. मी स्वतः मधला मार्ग सुचवत होतो, तो कोणी ऐकला नाही. सचिवाचं कोण ऐकतं?

पण मित्रहो, या प्रश्नाचं खरं उत्तर चर्चेतून मिळालं नाही. ते आमच्या वर्गातल्या केशरबाईंच्या फोनमधून मिळालं. केशरबाई, मी परवानगी घेतली आहे, आता मान खाली घालू नका. तुमचे चिरंजीव सुयश मागच्या रांगेत बसलेत, त्यांचीही घेतली आहे.

पाहुण्यांना आमच्या वर्गाची पद्धत सांगायला हवी. आम्हा बहुतेकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, नाही तर चष्मा घरी राहिलेला. फोन वाजला की हिरवं कुठलं आणि लाल कुठलं हे कळेपर्यंत समोरचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. यावर भार्गवीनं झकास तोडगा काढला. फोन उचलायचं हिरवं बटण जिथं येतं, तिथं काचेवर एक टिकली चिकटवायची! फोन वाजला की टिकलीवर बोट टेकवायचं, बास. टिकलीवरूनही बोट लागतं हे तिनं आधी स्वतःच्या फोनवर बघितलं होतं. आणि नियम घालून दिला की टिकली सोडून इकडंतिकडं कुठंही बोट लावायचं नाही.

मग काय! सबंध वर्गाचे फोन नटले. गुलाम नबी साहेबांनी सफरचंदावरचं गोल स्टिकर लावलं. मी बायकोच्या पाकिटातली एक टिकली घेतली. ती एकदा फोनवरून निसटून माझ्या शर्टाच्या खिशाला चिकटली आणि मी तसाच घरी गेलो. पुढं काय झालं ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. पण काही म्हणा, आमचे फोन लागायला लागले. लेकी-सुनांना वाटलं, म्हातारी मंडळी पहिल्या रिंगला उचलतात, यांना दुसरं काम नाही वाटतं. बिलकुल बरोबर होतं त्यांचं.

याच काळात केशरबाईंचा आणि सुयशरावांचा अबोला होता. सुयशराव वाळूजला कारखान्यात नोकरीला. आई, तू एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे चल, असा त्यांचा आग्रह. माझं घर, माझी गिरणी सोडून मी कुठंही येणार नाही, असा आईचा हट्ट. दोघंही प्रेमानंच बोलत होते, म्हणून आवाज चढले. सुयशराव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी न जेवता निघून गेले. त्यानंतर ना यांचा फोन, ना त्यांचा. केशरबाई वर्गात यायच्या, टिकली नीट बसली आहे ना ते तपासायच्या आणि फोन पदराखाली धरून बसायच्या. आम्ही विचारलं तर म्हणायच्या, "कोनाची वाट न्हाई पाहून राह्यले मी. मला काय कामं न्हाईत?"

दिवाळी जवळ आली आणि सुयशरावांना राहवलं नाही. त्यांनी फोन लावला. आईनं कापला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. पुन्हा कापला. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांना वाटलं, आईचा राग गेलेला नाही, तिला माझा आवाजसुद्धा नको झालाय. ते दिवाळीला आले नाहीत. इकडं केशरबाईंनी करंज्या केल्या, डबा भरला आणि भाऊबीज झाल्यावर तो डबा वर्गात आणून आम्हाला वाटला. आम्ही निर्लज्जपणे खाल्ल्या. खाताना त्या भार्गवीला म्हणाल्या, "मॅडम, माझा फोन बिघडला वाटतं. वाजून राह्यला, मी उचलते, पन कोनी बोलतच न्हाई."

भार्गवीनं आपल्या फोनवरून त्यांना फोन लावला. तो वाजला. केशरबाईंनी शिस्तीत टिकलीवर बोट टेकवलं. आणि फोन कट झाला.

भार्गवीनं नखानं ती टिकली काढली, पुन्हा फोन लावला आणि पाहिलं. टिकलीखाली लाल बटण होतं. मधल्या काळात त्या फोनचं काही तरी अपडेट झालं होतं. कंपनीतल्या कोणा हुशार माणसाला वाटलं असेल की हिरवं इकडं आणि लाल तिकडं जास्त शोभून दिसतं. दिसतही असेल. पण टिकलीखालचं बटण हिरव्याचं लाल झालं, हे टिकलीमुळेच दिसलं नाही. खरं हिरवं बटण पलीकडं उघडं चमकत होतं. पण टिकली सोडून कुठंही बोट लावायचं नाही, हा नियम होता ना! आणि केशरबाई नियमाच्या पक्क्या.

त्या दिवशी मी भार्गवीचा चेहरा पाहिला. टिकलीची कल्पना तिची होती. तिनं सुयशरावांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, आईला बोलायचं न्हाई तर राहू द्या. माझी समजूत काढायला हे बटनाचं कशाला सांगता?" मग तिनं आईच्या नंबरवरून लावला, तर पुन्हा हीच ताई असणार असं समजून त्यांनी तो उचललाच नाही. केशरबाईंना म्हटलं वाळूजला चला माझ्यासोबत, तर त्या म्हणाल्या, "त्यानं बोलावलं न्हाई, मी कशी जाऊ?" मायलेकरं अगदी एका मातीची.

मग रविवारी सकाळच्या गाडीनं ही पोरगी एकटी संभाजीनगरला गेली. दुरुस्तीला देते असं सांगून केशरबाईंचा फोन तिनं मागून घेतला होता. टिकली पुन्हा जशीच्या तशी लावली होती. वाळूजला पत्ता शोधून सुयशरावांच्या घरी पोहोचली, पाणीसुद्धा न पिता फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आईला फोन लावा." त्यांनी लावला. समोर टेबलावर फोन वाजायला लागला. ती म्हणाली, "आता आईच्या जागी तुम्ही उचला. टिकलीवर बोट ठेवायचं." सुयशरावांनी बोट ठेवलं. त्यांचाच फोन त्यांच्याच बोटानं कट झाला.

पुढचं मला सुयशरावांनी स्वतः सांगितलं. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा टिकलीवर बोट ठेवलं, पुन्हा कट झाला. मग म्हणाले, "म्हंजी आईनं माझा फोन एकदाबी कापला न्हाई?"

भार्गवी म्हणाली, "एकदाही नाही. प्रत्येक वेळी उचलला."

संध्याकाळच्या गाडीनं दोघं परतूरला आले. केशरबाईंनी दार उघडलं. दारात लेक उभा. पहिला शब्द फुटला तो भार्गवीसाठी. "फोन नीट करून आन म्हनलं, तं ह्याला घेऊन आली व्हय?" आणि मग त्या जे रडल्या ते आम्ही शेजारीपाजारी सगळ्यांनी ऐकलं. मी काही रडलो नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येतं ते मोतीबिंदूमुळे, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. केशरबाई अजूनही वाळूजला गेलेल्या नाहीत, गिरणी चालूच आहे. पण आता भांडण फोनवर होतं, आणि रोज होतं. याहून जास्त आम्हाला काय पाहिजे?

तर भार्गवी, तुझ्या साहेबांच्या प्रश्नाचं हे आमचं उत्तर. फोन दर वर्षी बदला, हवं तर दर महिन्याला बदला. रंग बदला, जाडी बदला, पुंजारामजींसाठी पाचवा डोळा बसवा. बदलाला आमचा विरोध नाही. आम्ही आमच्या आयुष्यात इतके बदल पाहिले आहेत की तुमच्या कंपनीचं काय कौतुक! आम्ही पुन्हा शिकू, आम्हाला शिकायला आवडतं. पण आम्ही शिकेपर्यंत मधल्या दिवसांत जो फोन वाजतो, तो पुन्हा वाजेलच असं नसतं. सगळ्यांच्या नशिबी रविवारच्या गाडीनं जाणारी मॅडम नसते.

म्हणून एवढं कर. तुमचा नवा फोन तयार झाला की जाहिरातीच्या आधी तो परतूरला पाठव. केशरबाईंच्या हातात द्या, कोणी काही शिकवू नका, आणि सुयशरावांना वाळूजहून फोन लावायला सांगा. केशरबाईंनी उचलला, तर खुशाल बाजारात आणा. नाही उचलला, तर तो फोन अजून तयार झालेला नाही, असं तुझ्या साहेबांना आमच्या वतीनं सांग. हसले तर हसू दे. मागच्या वेळी हसले तेव्हा नोकरी मिळाली होती.

पोरी, तू जाणार याचं आम्हाला वाईट वाटतंय, ते लपवत नाही. खूप वाईट वाटतंय. तू मोठी हो, आणि तिथं सगळ्या तरुण माणसांत बसलीस तरी आम्हाला विसरू नकोस.

अध्यक्षसाहेबांनी वेळेकडे काणाडोळा केला, दीपमालाताई मंठ्याहून आल्या, भार्गवीच्या आईवडिलांनी लेक आम्हाला उसनी दिली, आणि तुम्ही सगळ्यांनी चहा थंड होऊ दिला, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाची थट्टा अंमळ जास्त झाली असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. राग आलाच तर मनात ठेवू नका, मला फोन करा. आणि माझ्याकडून तो कापला गेला, तर मी मुद्दाम कापला असं समजू नका. पुन्हा लावा. आम्ही उचलतच असतो.