ओळीतली पुढची जागा

तेव्हाही कुणाला पटलं नाही, आजही पटत नाही. म्हणतात, मेलेल्या बाईचा कसला मत्सर करतेस, आगाथा? म्हणू देत. तू युस्टिनाची भाची ना? चेहऱ्यावरूनच ओळखलं, तीच जिवणी. ही तिची कबर, ठेव फुलं. आणि तिला खेटून हा दगड दिसतोय ना — ते आमचे हे. नवरा माझा आणि शेजार तुझ्या मावशीचा!

रीतच तशी आहे, पोरी. आपली माणसं रशियातून ह्या मॅनिटोबाच्या माळावर आली, पहिल्याच थंडीत एक तान्हं गेलं — ते त्या कोपऱ्यात. त्याच्या शेजारी पुढचा मेला तो, त्याच्या शेजारी त्याच्या पुढचा. श्रीमंत-गरीब नाही, नवरा-बायको नाही. देव बोलावील तशी ओळ. आधी फळ्या होत्या, त्या कुजल्या, मग दगड आले — पण ओळ मोडली नाही. हे गेले गव्हाच्या कापणीनंतर. मी म्हटलं, आता पुढची मीच. जेवणसुद्धा टाकलं — हसू नकोस. तर बर्फ पडायच्या आत तुझी मावशी गेली. चर्चमध्ये बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, तरी ही बया नेमकी मधल्या वाटेच्या कडेला बसायची. आणि हे? हेही कडेलाच. खड्डा खणणाऱ्या पेटरच्या मी हातापाया पडले, म्हटलं, मधे एक जागा सोड. तो म्हणतो, "वहिनी, ओळ माझी नाही, चर्चची आहे."

खरं तर हे जायच्या आधी, त्याच वर्षीच्या वसंतात रीत बदलणार होती. जोडप्यांना शेजारी ठेवू या, म्हणून सभा भरली. सभा पुरुषांची, आम्ही बायका मागे कॉफी गाळत. मी दारातून बघितलं — सगळे हात वर, एक सोडून. आमच्यात एकाचं मन नसलं की ठराव बारगळतो. तुझ्या मावशीचा आजार तेव्हा गावभर कळला होता. आणि ह्यांच्या छातीतली कळ — ती फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

आता नीघ, मला गवत काढायचंय. काय? हात कुणाचा खाली होता? एवढं ऐकून मलाच विचारतेस? तुझ्या मावशीशेजारी निजलाय तो. दगडावर वाच की — डीडरिख.